पनीरच्या पाण्याची वही

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवी वही काढली. पहिल्या पानावर आबांनी स्वतःच्या हाताने ‘श्री’ लिहून दिलं आणि वर म्हणाले, “पोरी, यात खर्चाचा कॉलम मोठा ठेव.”

आमच्या डेअरीत रोज दोन हजार लिटर दूध पनीरला जातं आणि सोळाशे लिटरच्या आसपास पाणी उरतं. हिरवट-पिवळं, कोमट, किंचित आंबट. पुस्तकात त्याला निवळी म्हणतात, कॉलेजात व्हे म्हणायचो, इथे सगळे ‘पनीरचं पाणी’च म्हणतात. उन्हाळ्यात आसपासचे गोठेवाले कॅन घेऊन रांग लावतात. थंडीत निम्मे येतात, पावसाळ्यात कुणी फिरकत नाही. उरलेलं ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांना, जातं आणि तिथे बोंब होते. या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील तो आकडा, लिटरला तीस ते पन्नास हजार मिलिग्रॅम असतो. जमिनीवर सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे १००. एका कॅनमधली साखर टाकीतला सगळा ऑक्सिजन पिऊन टाकते आणि मग जो वास सुटतो तो थेट आबांच्या घरापर्यंत जातो. या कामाचं खरं कारण तो वासच आहे, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

आबांना वाटत होतं की यातून व्हे प्रोटीनची पावडर करावी, जिमवाल्या पोरांना विकावी. तसं होत नाही. चीजच्या निवळीत प्रोटीन शिल्लक असतं, पण पनीरसाठी आपण दूध आधी पंचाऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवतो. त्यात निवळीतली प्रोटीनं केसीनला, म्हणजे पनीर ज्याचं बनतं त्या प्रोटीनला, चिकटतात आणि पनीरबरोबरच खाली बसतात. आपल्या पाण्यात प्रोटीन अर्धा टक्काही सापडत नाही. लॅक्टोज, म्हणजे दुधाची साखर, मात्र पावणेपाच टक्क्यांच्या पुढे आहे. जे काही करायचं ते त्या साखरेचंच.

९ जानेवारी

आबांना समजावलं तेच इथे लिहून ठेवते.

लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. लॅक्टेज नावाचं एन्झाइम ही जोडी तोडतं. लॅक्टोज-फ्री दूध असंच करतात, त्यात नवल नाही. गंमत पुढे आहे. तोडल्यावर ग्लुकोज लगेच सुटतं, पण गॅलॅक्टोज क्षणभर एन्झाइमच्या हातातच राहतं. समोर पाणी आलं तर ते पाण्याला देऊन मोकळं होतं. पण आजूबाजूला पाणी कमी आणि साखरेचीच गर्दी असेल, तर ते गॅलॅक्टोज शेजारच्या लॅक्टोजलाच जोडलं जातं. तीन साखरांची साखळी होते, कधी चारांची. यालाच गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड म्हणतात, थोडक्यात गॉस. हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लोकांच्या लक्षात आलं होतं.

आपल्या आतड्यात या साखळ्या तोडणारं एन्झाइम नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे उपयोगी जिवाणू, त्यांच्यावर जेवतात. पचत नाही म्हणूनच कामाची, अशी ही साखर. ‘प्रीबायोटिक’ हा शब्द गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये काढला. बाळाच्या दुधाच्या डब्यावर बारीक अक्षरात जीओएस लिहिलेलं असतं ते हेच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे आपलं नासकं पाणी बाळाच्या डब्यात?” नासकं नाही, आणि बाळाच्या डब्यापर्यंत जायचा आपला जीवही नाही, असं सांगितलं. आपलं लस्सीत गेलं तरी पुष्कळ.

१५ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी काढून आज पहिली बॅच. साखरेची गर्दी हवी म्हणजे लॅक्टोज पाच टक्क्यांवरून तीसवर न्यायला हवं. साठ लिटर पाणी खव्याच्या स्टीमच्या कढईत आटवायला घेतलं. बॉयलरवाले मामा खुशीत होते, कढई त्यांची लाडकी.

पहिल्या तासात फेसच फेस. दुसऱ्या तासात रंग गुळाच्या चहासारखा. तिसऱ्या तासाला दहा-अकरा लिटर उरलं तेव्हा कारखान्यात खरवसासारखा वास आणि कढईच्या कडेला तपकिरी खरपुडी. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स ३५, म्हणजे विरघळलेला माल शंभरात पस्तीस. आकडा बरोबर, माल फुकट. उघड्या कढईत उष्णता लागून साखर आणि उरलंसुरलं प्रोटीन यांचं लग्न लागलं. मामांनी बोट बुडवून चाटलं. “खारट काकवी झालीय ताई.”

यापेक्षा नेमकं वर्णन माझ्याकडे नाही.

२० जानेवारी

मी जिथे शिकले त्या कॉलेजच्या पायलट प्लांटमध्ये लहान व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर आहे. मॅडमनी आठवड्यातून एक दिवस वापरायला दिला. साठ अंशांच्या खाली पाणी उकळतं, रंग फारसा चढत नाही. १०० लिटर नेलं, सोळा लिटर आणलं. फिकट मधासारखं. लॅक्टोज लिटरला ३०० ग्रॅमच्या आसपास.

रात्री कॅन लॅबमध्ये तसाच ठेवला. सकाळी तळाला बोटभर पांढरी वाळू. शिकलेलं सगळं विसरले होते. लॅक्टोज ही विरघळायला फार हट्टी साखर. पंचवीस अंशांना द्रावणात जेमतेम अठरा टक्के मावते, पन्नास अंशांना तीसच्या आसपास. गार झालं की स्फटिक होऊन बसणारच. कॅन गरम पाण्यात ठेवून तासभर ढवळत बसले.

२८ जानेवारी

या आठवड्यात काहीही जुळलं नाही. सविस्तर लिहिते, कारण ही चूक पुन्हा होणार नाही असं आता वाटतंय आणि सहा महिन्यांनी वाटणार नाही.

बाजारात सहज मिळतं ते लॅक्टोज-फ्री दुधासाठीचं पातळ एन्झाइम, क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टपासून काढलेलं. त्याला दुधासारखा सामू लागतो, ६.५ ते ७. आपलं पाणी सायट्रिक अ‍ॅसिडने फाडलेल्या दुधाचं, सामू ५.४. म्हणून टाक्या-नळ्या धुवायचा (सीआयपीचा) कॉस्टिक सोडा पातळ करून थेंब थेंब घातला. सामू ६.७ ला आला आणि सगळं द्रावण दुधासारखं पांढरं फटक. आटवलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही सहापट झालेले. आंबटपणा गेला की ते खाली बसू लागतात. तरी एन्झाइम टाकलं, अडतीस अंशांवर ठेवलं. सहा तासांत जवळजवळ काहीच नाही.

मॅडमना फोन केला. त्या हसल्या. “अगं, सोडियम त्याला आवडत नाही, कॅल्शियम त्याहून नाही. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दे, मग बघ.” म्हणजे सोड्यातलं सोडियम घालून मी त्याला बरोबर नको तेच खाऊ घातलं होतं. वर अडतीस अंशांना लॅक्टोज पुन्हा तळाला बसायला लागलेलं.

सोड्याऐवजी पोटॅशियमचं कॉस्टिक पोटॅश आणून, गाळून, परत करून बघता आलं असतं. पण मग सुचलं की या पाण्याशी भांडायचंच कशाला? अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचं लॅक्टेज आंबटातच काम करतं, साडेचार ते पाचच्या आसपास, तेही पन्नास-पंचावन्न अंशांना. कोजी घालून सोया सॉस मुरवतात, ती कोजी म्हणजे हीच बुरशी. आपल्याला हवं तसं पाणी करण्यापेक्षा पाण्याला हवं तसं एन्झाइम आणणं सोपं. पूड मागवली.

४ फेब्रुवारी

पूड आली. लिटरला ०.१५ ग्रॅम घेतली, म्हणजे चिमटीच. सामू थोडं सायट्रिक घालून ४.८ केला. ५२ अंशांचा वॉटर बाथ. द्रावण स्वच्छ, तळाला काही नाही.

आता प्रश्न मोजायचा. ब्रिक्स निरुपयोगी, साखर तुटो, जुळो, रिफ्रॅक्टोमीटर जागचा हलत नाही. साखळ्या मोजायला एचपीएलसी, म्हणजे द्रावणातली प्रत्येक साखर वेगळी काढून मोजणारं यंत्र, लागतं, ते कॉलेजात, आणि एका नमुन्यासाठी आठवडा थांबावं लागतं. दर तासाला एन्झाइमचं काय चाललंय हे मला इथेच कळायला हवं.

काकींचं शुगर मोजायचं मीटर उसनं घेतलं. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, लॅक्टोज ओळखत नाही, तेच हवं होतं. अडचण एवढीच की मीटर रक्तासाठी बनवलेलं आहे. रक्तपेशी नसलेल्या नुसत्या पाण्यात ते आकडा जास्त दाखवतं. ग्लुकोजची ५०, १००, १५० आणि २०० मिलिग्रॅमची (डेसिलिटरला, मीटर दाखवतं तशी) द्रावणं करून त्याचा आलेख काढला आणि भिंतीला चिकटवला. आता मीटरचा आकडा, आलेखावर खरा आकडा, मग पन्नासने गुणायचं, कारण नमुना पन्नासपट पातळ करून लावते.

पहिल्या दिवशी ग्लुकोज छान चढत गेलं. सहा तासांनी लिटरला ९० ग्रॅम. मी खूश. मामांना पेढा दिला.

५ फेब्रुवारी

पेढा परत घ्यायला हवा होता.

रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं की ग्लुकोज वाढलं म्हणजे एन्झाइम तोडतंय एवढंच सिद्ध होतं. तोडलेलं गॅलॅक्टोज पाण्याला दिलं की दुसऱ्या लॅक्टोजला, हे मीटरला काय कळणार? ग्लुकोज दोन्ही वेळा सारखंच सुटतं. मी कदाचित नुसतं लॅक्टोज-फ्री पाणी बनवलं असेल. त्यासाठी एवढं आटवायची गरज नव्हती.

११ फेब्रुवारी

हे सुचलं त्याचा आनंद वहीत मावणार नाही, तरी लिहिते.

दूध घेताना त्यात पाणी घातलंय का हे बघायला आपल्याकडे क्रायोस्कोप आहे. दूध उणे ०.५४ च्या आसपास गोठतं. पाणी घातलं की तो आकडा शून्याकडे सरकतो. म्हणजे हे यंत्र खरं तर द्रावणात एकूण कण किती विरघळलेत ते मोजतं. कोणते कण, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

आता हिशोब. लॅक्टोज तुटून गॅलॅक्टोज पाण्याला गेलं तर एका कणाचे दोन होतात, गोठणबिंदू खाली जातो. पण गॅलॅक्टोज दुसऱ्या लॅक्टोजला गेलं तर? आधी दोन लॅक्टोज होते. नंतर एक साखळी आणि एक ग्लुकोज. दोनाचे दोनच. क्रायोस्कोपला काही झालंय हेच कळत नाही!

म्हणजे ग्लुकोमीटर सांगतं एकूण तुटले किती, क्रायोस्कोप सांगतो वाया गेले किती. वजाबाकी केली की जुळले किती. दूधसंकलनाच्या खोलीत धूळ खात असलेलं यंत्र आणि काकींचं शुगरचं मीटर यांच्यात एचपीएलसीचं निम्मं काम झालं. दोन तास खोलीत एकटीच हसत होते. रात्रीचं दूध घ्यायला आलेल्या पोराला वाटलं फॅट लागलं असेल मोठं.

१३ फेब्रुवारी

नवी बॅच, दोन लिटर. दर वेळी नमुना काढला की लगेच उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. हे आधी करत नव्हते. नमुन्याच्या बाटलीत एन्झाइम जिवंतच होतं आणि मी चहा पिऊन येईपर्यंत आपलं काम करत होतं. मागच्या आठवड्याचे सगळे आकडे त्यामुळे काट मारून टाकले.

सुरुवातीला लॅक्टोज लिटरला ३०० ग्रॅम, म्हणजे कणांच्या हिशोबात सुमारे ८७७ मिलिमोल. क्रायोस्कोपला नमुना दहापट पातळ.

एका तासाला ग्लुकोज २५ ग्रॅम, गोठणबिंदू ०.०१० अंशाने खाली. हिशोबाने गॉस ४२ ग्रॅम.
दोन तासांना ४१ ग्रॅम, ०.०२० अंश. गॉस ६० ग्रॅम.
तीन तासांना ५४ ग्रॅम, ०.०३०. गॉस ७० ग्रॅम.
चार तासांना ६५.५ ग्रॅम, ०.०४२. गॉस जवळपास तेवढंच, किंचित कमी.
सहा तासांना ९० ग्रॅम, ०.०७४. गॉस ५१.
रात्रभर ठेवलेलं, वीस तासांनी: ग्लुकोज १३५ ग्रॅम, ०.१२८. गॉस ३१.

पहिल्या बॅचला सहा तासांचे नव्वद ग्रॅम बघून पेढा वाटला होता! तेव्हा गॉस उतरणीला लागून दोन तास झाले होते. लॅक्टोज भरपूर असतं तोवर एन्झाइम साखळ्या विणतं. लॅक्टोज कमी झालं की त्याला त्याच साखळ्या खायला दिसतात, मग स्वतःच विणलेलं स्वतःच उसवत बसतं. ग्लुकोज मात्र सगळा वेळ चढतच राहतं, आणि मीटरकडे बघणाऱ्याला वाटतं सगळं उत्तम चाललंय.

तीन ते चार तासांच्या मधली खिडकी. तिथे नव्वद अंशांवर दहा मिनिटं तापवायचं, एन्झाइम मारायचं, संपलं. सुरुवातीच्या लॅक्टोजपैकी तेवीस टक्के गॉस. वाचलंय त्यात हे एन्झाइम साधारण इतकंच देतं. चाळीसच्या पुढे जाणारी एन्झाइमं दुसरी आहेत, ती महाग.

२५ फेब्रुवारी

कॉलेजहून एचपीएलसीचे आकडे आले. तीन तासांच्या नमुन्यात त्यांचे २५ टक्के, आमचे २३. मॅडमनी फरकाचं कारणही सांगितलं. कधीकधी गॅलॅक्टोज लॅक्टोजला न जोडता परत एका सुट्या ग्लुकोजलाच जोडलं जातं, पण वेगळ्या जागी. दोन साखरांची वेगळीच जोडी तयार होते, अ‍ॅलोलॅक्टोज. तीही आपल्याला सहजासहजी पचत नाही. पण त्यात ग्लुकोजचा आकडा वाढत नाही आणि कणांची संख्याही बदलत नाही, त्यामुळे ती माझ्या दोन्ही यंत्रांच्या डोळ्यांआडून जाते.

दोन टक्क्यांनी कमी दाखवणारी पद्धत मला चालेल. जास्त दाखवणारी चालली नसती.

मॅडमनी साखरा वेगवेगळ्या उंचीवर ठिपक्यांनी दाखवणाऱ्या सिलिकाच्या प्लेटचा फोटोही पाठवला. वर ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजचा ठिपका, खाली लॅक्टोज, त्याखाली तीन साखरांचा, आणि अगदी तळाशी एक पुसट डाग, चारांचा असावा. शून्य तासाच्या ओळीत एकच ठिपका, तीन तासांच्या ओळीत चार. आबांना हा फोटो सगळ्यात पटला. आकड्यांपेक्षा डाग बरे, म्हणाले.

३ मार्च

चव. इतके दिवस टाळत होते.

पाच जणांना चमचाभर दिलं. काकी म्हणाल्या, “गोड आहे, पण लिमलेटच्या गोळीला मीठ लावून चाटल्यासारखं.” खरं आहे. लॅक्टोजबरोबर मीठही सहापट झालंय. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सगळं मिळून लिटरला तीस ग्रॅम. त्यात सायट्रिकचा आंबटपणा.

लस्सीत घातलं तर आंबट-खारट खपून जातं. ताकात तर उलट बरंच लागतं. श्रीखंडात चालणार नाही.

मामांनी सांगूनही चमच्याऐवजी पेलाभर घेतलं. गॉसने वायू होतो, ते बॅक्टेरिया जेवतात त्याचंच लक्षण आहे. शिवाय यात न तुटलेलं लॅक्टोज निम्मं. मामा दुसऱ्या दिवशी बॉयलरवर उशिरा आले आणि माझ्याशी दुपारपर्यंत बोलले नाहीत. दिवसाला पाच-दहा ग्रॅम गॉस, त्यापुढे नाही, असं भिंतीवर लिहून टाकलं.

१२ मार्च

ग्लुकोज काढून टाकायचा प्रयोग. बेकरीचं यीस्ट ग्लुकोज खातं, लॅक्टोजला तोंड लावत नाही, साखळ्यांनाही नाही. एन्झाइम मारलेलं सरबत निम्मं पातळ केलं, तीस अंशांना यीस्ट घातलं. अठरा तासांनी मीटरवर ‘लो’.

उद्या होळी, आणि लॅबमध्ये ताडीच्या दुकानासारखा वास. मामांचा राग तिथल्या तिथे गेला. “ताई, हे आधी सांगायचं होतं.” व्हॅक्यूमखाली अल्कोहोल उडवून दिलं, त्यांच्या डोळ्यांदेखत.

फायदा? सगळ्या घनपदार्थांत गॉस आधी एकवीस टक्के होतं, आता पंचवीस. एवढ्यासाठी अठरा तास, एक टाकी आणि परत आटवणं. शिवाय गोडवा ग्लुकोजचाच होता. तो गेल्यावर काकींनी दुसरा चमचा घेतलाच नाही. हा रस्ता आमच्यासाठी नाही. औषधकंपनीला परवडेल.

२१ मार्च

मॅडमच्या ओळखीने मायक्रोबायोलॉजीच्या विभागात बिफिडोबॅक्टेरियमवर चाचणी झाली, ऑक्सिजन नसलेल्या जारमध्ये. यीस्टने ग्लुकोज काढलेलं आपलं सरबत घातलेल्या नळीत ते छान वाढलं. पण शेजारच्या नळीत ई-कोलाय हा आतड्यातला दुसरा, आपल्याला नको असलेला जिवाणूही वाढला, कारण आपल्यात लॅक्टोज शिल्लक आहे आणि ते त्याला चालतं. निवडकपणे उपयोगी जिवाणूंनाच मिळावं ही तर प्रीबायोटिकची पहिली अट. २०१७ च्या व्याख्येत तर शरीराला फायदा दाखवून द्यावा लागतो. लहान आतड्यात लॅक्टोज पचून गेलं तर खाली साखळ्याच उरतात, हे खरं. पण नळीला लहान आतडं नसतं.

देशातल्या २०१६ च्या न्यूट्रास्युटिकल नियमांमध्ये प्रीबायोटिकांची यादी आहे, त्यात गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड आहे. आबांनी लगेच बाटलीवर काय छापायचं ते ठरवूनही टाकलं. मी सांगितलं, यादीत पदार्थ असणं वेगळं आणि आपल्या बाटलीत तो किती शुद्ध आहे हे वेगळं. पाव भाग गॉस असलेल्या सरबतावर मी ‘पोटासाठी उत्तम’ लिहू देणार नाही. दोन दिवस अबोला.

२९ मार्च

उद्या पाडवा. चक्का गाळून चारशे लिटर पाणी निघालं, पोरं विचारत होती हेही घ्यायचं का. नाही. दह्यातल्या जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग खाऊन लॅक्टिक अ‍ॅसिड केलेलं, आणि आंबटपणामुळे कॅल्शियम सगळं विरघळून पाण्यात उतरलेलं. सहापट आटवलं तर तोंडात धरवणार नाही. गोठेवाल्यांना दिलं.

९ एप्रिल

आबांचा खर्चाचा कॉलम शेवटी भरला.

रोजच्या सोळाशे लिटरमध्ये लॅक्टोज साधारण ७७ किलो. त्यातून गॉस सतरा-अठरा किलो. एन्झाइम? रोजचे चाळीस ग्रॅमसुद्धा नाहीत. मी तीन महिने ज्याच्या मागे लागले त्याचा खर्च मुठीत मावतो.

पण सोळाशे लिटरचे अडीचशे करायचे म्हणजे साडेतेराशे लिटर पाणी वाफ करून उडवायचं. साध्या इव्हॅपोरेटरला त्यासाठी दीड टन वाफ लागेल. मामांचा बॉयलर तासाला ३०० किलो देतो. म्हणजे पाच तास बॉयलर फक्त यासाठी, आणि पनीरला दूध तापवायचं कशावर? मामांनी बोटं मोजून माझ्या आधी उत्तर काढलं.

आबा काही बोलले नाहीत. वही उलटी करून ठेवली, चहा सांगितला.

१६ एप्रिल

वाफेऐवजी पडद्याने पाणी काढायचं. आरओने निवळी तिपटीपर्यंत आटते. सोळाशेचे साडेपाचशेच्या आत. मग वाफेने उडवायचं पाणी तीनशे लिटरच्या खाली. बॉयलर तासाभरात मोकळा.

मॅडमनी त्यात आणखी एक फट दाखवली. आरओऐवजी नॅनोफिल्ट्रेशनचा पडदा. त्याची छिद्रं जराशी मोठी. लॅक्टोज अडतं, पण सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड बऱ्यापैकी पाण्याबरोबर निघून जातात. कॅल्शियम राहतं, पण आपल्या बुरशीच्या एन्झाइमला त्याचं वावडं नाही. म्हणजे आटवणं आणि खारटपणा काढणं एकाच फटक्यात. मार्चमधली मीठ लावलेली लिमलेटची गोळी तिथेच निकालात निघेल, निदान अर्धी.

यंत्र पुरवणाऱ्याशी बोलले. चाचणीचं लहान युनिट आठवड्यासाठी भाड्याने मिळतंय. आबांनी ‘बघू’ म्हटलं. आबांच्या ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असतो, ‘विचार करतो’चा अर्थ ‘नाही’.

२८ एप्रिल

युनिट काल रात्री टेम्पोतून आलं. दोन ओळी, एक पंप, शिडीएवढं. सकाळी पनीरचं पाणी आधी सेपरेटरमधून काढलं, फॅटचा कण राहिला तर पडदा बुजतो असं सांगितलंय. मग कापडी गाळणी, मग पंप सुरू. दहाच्या सुमारास एका नळीतून दाट, हिरवट पाणी येऊ लागलं, दुसऱ्या नळीतून अगदी स्वच्छ.

स्वच्छ पाणी काकींनी चाखलं. “हे तर नुसतं खारट.” दाट पाण्याचा ब्रिक्स १८, आणि जिभेवर खारटपणा बराच उतरलेला. आबांनी दोनदा चाखलं, काही बोलले नाहीत, पण खुर्ची मागवून युनिटशेजारी बसले.

मीटरची पट्टी स्वच्छ पाण्यात बुडवली तर ‘लो’. पोरांनी टाळ्या वाजवल्या, साखर अजिबात जात नाही म्हणून. मी थांबवलं. पट्टीला लॅक्टोज दिसतच नाही, ते सगळं जात असतं तरी ‘लो’च आलं असतं. स्वच्छ पाण्याच्या एका बाटलीत एन्झाइमची चिमूट टाकून पन्नास अंशांना बाथमध्ये ठेवली आहे. इतकं पातळ असल्यावर विणकाम होणार नाही, असेल ते सगळं लॅक्टोज तुटून ग्लुकोज होईल. सकाळी सहाला, संकलनाच्या आधी, पट्टी परत लावायची.